खोटे असले तर बिघडले काय?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषयाची पृच्छा केली तेव्हा आम्ही 'अफवा' हा एकच शब्द त्यांना कळविला होता. पत्रिकेत तो 'अफवांचे मानसशास्त्र' असा छापून आला. कालपासून निदान चार गृहस्थांनी रस्त्यात आम्हांला थांबवून, या विषयावर आपण विद्यापीठास प्रबंध सादर केला आहे ना, असे आदराने विचारले. एकांनी तर प्रबंधाची पृष्ठसंख्याही सांगितली. तेव्हा प्रथमच खुलासा करून टाकतो, की असा प्रबंध कोठेही नाही. आम्ही तेहेतीस वर्षे माध्यमिक शाळेत शास्त्र आणि गणित शिकविले, एवढेच आमचे भांडवल. चिटणीसांनी एक शब्द वाढविला, छापणाऱ्याने तो मोठ्या टायपात घातला, वाचणाऱ्यांनी त्याला प्रबंध जोडला. पृष्ठे मोजणारे गृहस्थ सोडले, तर यांपैकी कोणीही जाणूनबुजून खोटे बोलले नाही. आणि तरीही खोटे तयार झाले. आज आपल्यापुढे बोलावयाचे ते याच प्रकाराविषयी.

आपली अशी एक समजूत असते, की अफवा म्हणजे कोणा लबाड माणसाने दाराला कडी लावून रचलेले कुभांड. तसेही कधी कधी असते. पण बहुतेक अफवांचा बाप शोधू गेल्यास सापडत नाही. त्यांना खाऊपिऊ घालून वाढविणारे मात्र घरोघर सापडतात. आमच्या घरी तर नक्कीच सापडतात, आणि म्हणून दुसऱ्या कोणाच्या घराची झडती घेण्यापूर्वी आम्ही आमच्या घरापासूनच आरंभ करतो.

२१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. गुरुवार होता. गणपती बोळवून पितृपंधरवडा चालू झालेला. दिल्लीत पहाटे एका देवळात गणपती दूध प्यायला, अशी वार्ता उठली आणि दुपारपर्यंत ती सबंध हिंदुस्थानभर झाली. रात्रीपर्यंत लंडनच्या देवळांतूनही दूध पाजणे सुरू झाले होते. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिपायाने ती आणली. पुढच्या तासाला निम्मा वर्ग रिकामा, आणि खरे सांगावयाचे तर शिक्षकांची खोलीही निम्मी रिकामी. आम्ही घरी गेलो, सत्तरीच्या आईला रिक्षात बसविले, आणि वाटी-चमचा घेऊन देवळापुढील रांगेत उभे राहिलो. तास दीड तासाने पाळी आली. आईने चमचा सोंडेला लावला, आणि तो आमच्या डोळ्यांदेखत रिता झाला. आमच्या अंगावर काटा आला. आज हसू येते, पण तेव्हा काटा आला होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता यातील मौज अशी, की द्रवाचा पृष्ठताण हा धडा आम्ही त्याच महिन्यात शिकविला होता. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दुधाचा फुगीर पृष्ठभाग दगडाला किंवा धातूला टेकला, की दूध त्या पृष्ठाला धरून ओढले जाते, आणि मग पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरते. संगमरवर पांढरा, दूध पांढरे. थर दिसत नाही. दिल्लीत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून पाजले, तेव्हा रंगाचा ओघळ सर्वांना दिसला. आम्ही संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर घरातल्या पितळी गणपतीवर तोच प्रयोग केला. मग स्वयंपाकघरातला खलबत्त्याचा बत्ता आणून त्याला दूध पाजले. बत्ताही प्यायला. मोठ्या विजयाने आम्ही आईकडे पाहिले. ती म्हणाली, "बत्त्यात देव नाही, असं तुला कोणी सांगितलं?"

या प्रश्नाला आमच्या शास्त्रात उत्तर नाही, आणि ते शोधण्याची आम्हांला गरजही वाटत नाही. आईची श्रद्धा दुधावर उभी नव्हती. ती त्या दिवसाआधी होती आणि नंतरही राहिली. गोंधळ झाला होता तो आमचा. शास्त्र आम्हांला ठाऊक होते. पण भोवती दोन-अडीचशे माणसे एकच गोष्ट पाहत असताना ठाऊक असलेले आठवत नाही, हा शोध आम्हांला त्या दिवशी लागला. ती वार्ता तारायंत्राने पसरली नाही की वर्तमानपत्राने नाही. भ्रमणध्वनीची सेवा आपल्या देशात सुरू होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. ती पसरली एसटीडीच्या पिवळ्या पाट्यांच्या टपऱ्यांतून, बहिणीने भावाला, मुलाने आईला, स्वतःचे पैसे मोजून केलेल्या फोनांनी. प्रत्येकाने आपल्या जवळच्या माणसाला हे सुख मिळावे म्हणूनच फोन केला होता. अफवेला जे वेगवान वाहन मिळते ते पुष्कळदा प्रेमाचे असते.

गमतीच्या अफवा आपल्याकडे काही थोड्या नाहीत. घाटात रात्री पांढऱ्या साडीतील बाई हात करते, मोटारीत बसते आणि पुढच्या वळणावर मागील आसन रिकामे असते, ही हकीकत महाराष्ट्रातील कोणत्या घाटाची नाही? ती ज्याला दिसली तो सांगणाऱ्याच्या मेव्हण्याचा मित्र असतो. तो स्वतः कधी भेटत नाही. बर्डस्ली आणि हँकी या दोन अभ्यासकांनी १९४२ च्या सुमारास अमेरिकेत या बाईच्या हकीकती गोळा केल्या, तेव्हा त्या एकोणऐंशी भरल्या. म्हणजे बाई आपल्या कसाऱ्याची किंवा खंबाटकीची नव्हे. ती जगभर हिंडते. अवकाशातून घेतलेला दिवाळीचा उजळलेला भारत, हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. वास्तविक ते अनेक वर्षांच्या उपग्रह-नोंदी निरनिराळ्या रंगांत एकावर एक ठेवून, शहरांची वाढ दाखविण्यासाठी तयार केलेले चित्र आहे आणि दिवाळीशी त्याचा काही संबंध नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नव्या नोटेत जमिनीखालूनही ठावठिकाणा सांगणारे यंत्र असल्याचे आपल्याला सुशिक्षित माणसांनी सांगितले. ती नोट २०२३ मध्ये चलनातून मागे घेण्यात आली, पण ते यंत्र काही कोणाला सापडले नाही. त्याच नोव्हेंबरात मीठ संपल्याची हूल उठून दिल्ली आणि उत्तर प्रदेशात लोकांनी रात्रीच्या रात्री दुकानांवर गर्दी केली आणि किलोला शेकडो रुपये मोजले. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या देशात मीठ संपले!

समुद्रावरून आठवले. १८ ऑगस्ट २००६ रोजी माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाल्याची वार्ता मुंबईत पसरली आणि हजारो लोक तेथे गेले. पाणी प्यायले, बाटल्या भरून घेतल्या, लहान मुलांना पाजले. पावसाळ्यात नद्यानाल्यांचे पाणी येऊन खाडीचा खारटपणा कमी होतो, एवढेच घडले होते. पण त्या खाडीत मुंबईचे आणखी काय काय येते हे मुंबईकराला सांगावयास नको. हे पाणी पिऊ नका, असे महापालिका सांगत होती आणि लोक पीत होते.

येथवर आपण हसलो. चमचाभर दूध, किलोभर मीठ, फार तर पोटाचा विकार, एवढीच या अफवांची किंमत. आणि ती ज्याने विश्वास ठेवला त्यानेच स्वतःच्या खिशातून वा पोटातून दिली. परंतु अफवांची एक दुसरी जात आहे. तिची किंमत विश्वास ठेवणारा देत नाही. आमचे खरे बोलणे तिच्याविषयी आहे.

आमच्या लहानपणी नदीवर पुलाचे काम निघाले होते. आजी आम्हांला बजावीत असे, की तिकडे फिरकू नका, पुलाच्या पायात मूल घातल्याशिवाय खांब उभा राहत नाही, आणि पोते घेतलेली माणसे मुले हेरीत हिंडतात. आम्ही ते निमूट ऐकत असू. पुढे वाचनात आले तेव्हा कळले, की ही भीती आजीची नव्हती. तिच्या आजीच्याही आधीची होती आणि एकट्या हिंदुस्थानची तर मुळीच नव्हती. १७५० साली पॅरिसमध्ये लहान मुले पळविली जात असल्याच्या वार्तेवरून दंगे झाले. कोणा राजपुत्राला महारोग झाला आहे आणि त्याला मुलांच्या रक्ताने न्हाऊ घालतात, असे लोक बोलत. जमावाने पोलिसांच्या एका माणसाला ठार मारले.

मुंबईत १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. रोग्यांना आर्थर रोडच्या रुग्णालयात नेऊ लागले. लवकरच गिरणगावात कुजबुज सुरू झाली, की तेथे माणसांना उलटे टांगून त्यांच्या डोक्यातून 'मोमियाई' काढतात. मोमियाई म्हणजे सर्व जखमा बऱ्या करणारे, माणसाच्या चरबीचे एक काल्पनिक औषध. ते साहेबाला हवे असते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला.

या दोन्ही प्रसंगी लोकांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते आम्हांला पटत नाही. पॅरिसच्या पोलिसांनी रस्त्यावरची भटकी मुले धरून नेण्यास खरोखरच आरंभ केला होता, आणि त्यांना दर डोई बक्षीस मिळत असल्याने भटक्यांबरोबर चांगल्या घरची मुलेही जात. मुंबईत रोग्याला घरच्यांपासून तोडून खरोखरच नेत होते, आणि गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नव्हते. ज्याची आई सकाळी नेली आणि संध्याकाळी तिचे प्रेतही दाखविले नाही, त्याला मोमियाईची गोष्ट कोणी येऊन पटवून द्यावी लागत नाही. सरकार समजावून सांगत नव्हते, म्हणून गिरणगावाने स्वतःची समजूत स्वतःच घातली. अफवेत पुष्कळदा असा एक खऱ्याचा खडा असतो. त्यावर मग भीतीची पुटे चढतात.

पण खडा मुळीच नसताना काय? याचे उत्तर आम्हांला एका भारतीय अभ्यासकाच्या लेखाने दिले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रलयंकर भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर लोकांत उठलेल्या अफवा टिपून ठेवल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. ज्या भागात धक्का जोराचा बसला पण घरे फारशी पडली नाहीत, तेथल्या या अफवा. गंगेचे पाणी नाहीसे झाले आणि स्नान करणारे वाळूत रुतले. नेपाळकडून पूर येत आहे. अमुक तारीख घाताची आहे. ग्रहणाच्या दिवशी याहून मोठा धक्का बसणार. वीस-बावीस वर्षांनी फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा लेख वाचला, आणि त्याला प्रश्न पडला. माणसाला भीती नको असते म्हणतात. मग वाचलेली माणसे आणखी भयंकर गोष्टी का बोलत होती? आणि दार्जिलिंगकडे दरडी कोसळल्या तेव्हा, दुर्गानंद सिन्हा यांनी १९५२ मध्ये नोंदविल्याप्रमाणे, प्रत्यक्ष विध्वंसात सापडलेले लोक पुढच्या संकटाच्या अफवा विशेष बोलत नव्हते, हे कसे? फेस्टिंगरचा उलगडा असा, की विध्वंस डोळ्यांपुढे असला तर आपण का घाबरलो हे माणसाला कळते. धक्का बसला, ऊर धडधडतो आहे, पण भोवती सगळे जागच्या जागी आहे, अशा माणसाला भीती उरते आणि कारण सापडत नाही. मग तो कारण निर्माण करतो. अफवा भीती उत्पन्न करीत नाही. आधीच असलेल्या भीतीला अफवा कारण पुरविते.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिलो. का, ते पुढे सांगतो.

आणखी एक प्रयोग सांगितल्यावाचून मात्र पुढे जाववत नाही. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांनी अमेरिकेत एक चित्र तयार केले होते. आगगाडीच्या डब्यात दोन माणसे उभी आहेत, एक गोरा, एक काळा. गोऱ्याच्या हातात उघडा वस्तरा आहे. एकाने चित्र पाहून दुसऱ्याला सांगावयाचे, दुसऱ्याने न पाहता तिसऱ्याला, असे सहा-सात जणांपर्यंत. तपशील भराभर गळत गेला. आणि निम्म्याहून अधिक प्रयोगांत कोठल्या ना कोठल्या टप्प्यावर वस्तरा गोऱ्याच्या हातून काळ्याच्या हाती गेला. हे त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. कोणी मुद्दाम बदलले नव्हते. ऐकणाऱ्याच्या मनात वस्तरा कोणाच्या हातात शोभतो, हे आधीच ठरलेले होते.

आपल्याकडे वस्तरा कोणाच्या हातात शोभतो? आपल्या देशात १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. कायद्याच्या पुस्तकातून रद्द झाला, एवढेच.

आता आमचे सांगतो.

२०१८ चा जून महिना. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमचा सहा वर्षांचा नातू त्या वर्षापासून आमच्याकडेच शिकावयास राहिला होता. दुसऱ्याचे मूल सांभाळण्याची जबाबदारी आपल्याहून मोठी असते. तो कोपऱ्यावर खेळावयास गेला तरी आमचे लक्ष घड्याळाकडे. अशात एके रात्री व्हॉट्सॲपवर एक संदेश आला. जिल्ह्यात मुले पळविणारी टोळी शिरली आहे, टोळीतील माणसे साधूच्या वेषात हिंडतात, मुलांना एकटे सोडू नका, हा संदेश अधिकात अधिक लोकांना पाठवा. सोबत एक चित्रफीत. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि नाहीसे होतात. सौभाग्यवती म्हणाल्या, "खरं असेल का हो?" आम्ही म्हणालो, "खोटं असलं तर बिघडलं काय? आणि खरं असलं तर?"

हा युक्तिवाद आम्हांला त्या वेळी बिनतोड वाटला. आम्ही तो संदेश तीन ठिकाणी पाठविला. त्यांतील एक आमच्या माजी विद्यार्थ्यांचा समूह. त्यात दोनशेवर माणसे. जुनी खोड म्हणून त्यातील ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका आम्ही दुरुस्त केल्या, आणि खाली एक ओळ घातली, 'पालकांनी गांभीर्याने घ्यावे.' मजकूर खरा की खोटा हे तपासले नाही. शुद्धलेखन तपासले.

चौथ्या दिवशी दुपारी गल्लीत आरडाओरडा झाला. चष्मा शोधून जिना उतरून खाली जाईपर्यंत पाच-सात मिनिटे गेली असतील. वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात एक भगव्या कपड्यांतील म्हातारा भिंतीला टेकून उभा होता. ओठातून रक्त, कपाळावरचे भस्म घामाने ओघळलेले, हातातल्या डौराचे चामडे फाटलेले. पोरे आमचीच, त्यांतील दोघांना आम्ही दहावीला गणित शिकविलेले. एक जण धापा टाकीत म्हणाला, "सर, तुमच्याच नातवाशी बोलत होता. घरात कोण आहे विचारत होता." आणि त्याने फोन आमच्यापुढे धरला. "हे बघा ना सर. तुम्हीच तर पाठवलंत."

पडद्यावर आमचाच संदेश होता. दोन्ही शब्द शुद्ध होते.

एवढ्यात सौभाग्यवती मागून आल्या आणि ओरडल्या, "अरे, सोडा त्यांना! हे आपले बुवा. दर वर्षी येतात!" खरेच होते. दर वर्षी मृगाच्या सुमारास एक डवरी गोसावी आमच्या दारात येत, डौर वाजवीत, भैरवनाथाचे गाणे म्हणत आणि पीठ घेऊन जात. दहा-अकरा वर्षे तरी ते येत होते. आम्ही बहुधा वर माडीवर वर्तमानपत्र वाचीत असू, म्हणून आम्हांला त्यांचा चेहरा ठाऊक नव्हता. त्यांनी नातवाला विचारले होते ते एवढेच, "बाळा, आजी आहे का घरात?"

पोरे पांगली. बुवांना ओट्यावर बसविले, पाणी दिले, जखम पुसली. डौराचे पैसे आम्ही पुढे केले; ते त्यांनी घेतले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, एक चिठ्ठी लिहून द्या. ह्यो माणूस वळखीचा हाय म्हणून. पुढल्या आळीत दाखवाया होईल." आम्ही आमच्या नावाच्या कागदावर चिठ्ठी लिहिली, सही केली, खाली फोनचा नंबर घातला. त्यांनी घडी करून ती टोपीत ठेवली आणि लंगडत निघून गेले.

ती चित्रफीत कोठली होती, हे आम्हांला नंतर कळले. ती कराचीतील एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी तयार केलेली जाहिरात होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मोटारसायकल वळवून परत येतात, मुलाला जेथून उचलले तेथेच उतरवितात आणि फलक दाखवितात, की कराचीच्या रस्त्यातून मूल पळविण्यास एक क्षण पुरतो. मूल परत येते तो भाग कोणी तरी कापून टाकला होता.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच माणसांना, मुले पळविणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कचेरीत ठार मारले. त्यांतील एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढेच निमित्त त्या वेळी वर्तमानपत्रांत आले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपच्या कंपनीने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येणार नाही, असा निर्बंध घातला. पाच! आम्ही तीनच ठिकाणी पाठविला होता.

हे तेवढ्यावर थांबले नाही. २०१९ च्या जुलैत बांगलादेशात पद्मा नदीवरील पुलाला मुलांची मुंडकी लागतात, अशी हूल उठली. आमच्या आजीचीच गोष्ट, फक्त नदी वेगळी. ढाक्यात एक आई मुलाच्या प्रवेशाची चौकशी करावयास शाळेत गेली होती. तिला जमावाने शाळेच्या आवारात मारून टाकले. पूल २०२२ मध्ये पुरा झाला आणि वाहतूक सुरू झाली. १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने तापलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा मोटारचालक यांचा बळी घेतला.

आपल्यापैकी कोणी विचारील, की मग खरोखर मूल पळविणारा आला तर काय करावयाचे? प्रश्न रास्त आहे. मुले नाहीशी होतात, हे खोटे नाही. आमचे उत्तर एका शाळामास्तराचे आहे. आमच्याकडे गणिताची वही तपासावयास आली, की आम्ही विचारीत असू, उत्तर कोठून आणलेस? संदेशालाही तेच विचारावे. कोणते गाव, कोणता दिवस, कोणाचे मूल, कोणत्या पोलीस ठाण्यात नोंद? यांपैकी एकही गोष्ट आमच्या त्या संदेशात नव्हती. 'जिल्ह्यात' एवढेच होते. कोणता जिल्हा तेही नव्हते, म्हणून तर तो प्रत्येक जिल्ह्यात चालला. पोलीस ठाण्याचा नंबर फिरवावयास आम्हांला एक मिनिट लागले असते. पण विचारणे आमच्या मनातच आले नाही, कारण आमची भीती आधीपासून तयार होती. बिहारच्या भूकंपाचे ते प्रकरण वाचून आम्ही पुस्तक मिटले, ते यासाठी. नातवाच्या काळजीने आमचा ऊर धडधडत होता. त्या धडधडीला कारण हवे होते, आणि ते भगव्या कपड्यांत मिळाले.

२ जुलैच्या वर्तमानपत्राने राईनपाड्याची बातमी आणली. नंतर मृतांची नावे आली. आम्ही चिठ्ठी लिहिली होती म्हणून बुवांचे नाव आम्हांला ठाऊक होते. त्या दिवसापूर्वी ते आम्ही कधी विचारले नव्हते. पाचही नावे आम्ही दोनदा वाचली. त्यांत ते नव्हते.

पुढच्या वर्षी मृग लागला तेव्हा सौभाग्यवतींनी पिठाचा डबा खाली ओट्याजवळ आणून ठेवला होता. आम्हीही त्या पंधरवड्यात वर्तमानपत्र माडीवर न वाचता ओट्यावर बसून वाचले. बुवा आले नाहीत. त्यानंतरही आलेले नाहीत. चिठ्ठीवरचा फोन नंबर आम्ही अद्याप बदललेला नाही.